चित्रपटाची पारख मध्यंतरानंतर

नागपूरच्याच एका तरुण वाचकाने माझी गेल्या काही वर्षांतील परीक्षणे ओळीने वाचून काढली आणि त्यांना त्यांत मोठी विसंगती आढळली. ‘मुंज्या’सारख्या हलक्याफुलक्या भयपटाचे मी कौतुक केले, ‘छावा’ आणि ‘डंकी’ या बड्या चित्रपटांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला, आणि ‘झुंड’चा जो उत्तरार्ध बहुतेकांना लांबलेला वाटला, त्यालाच मी त्या चित्रपटाचे मर्म म्हटले. तेव्हा भयपट, मारधाडपट, इतिहासपट आणि कौटुंबिक चित्रपट या सर्वांना लावता येईल असे काही माप तुमच्यापाशी आहे, की मनाला आले ते लिहिले असा हा कारभार आहे, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. तीसेक वर्षे परीक्षणे लिहिणाऱ्या माणसाने त्याचे उत्तर द्यायला हवे, आणि ते मोघम असता कामा नये.

माप आहे, आणि ते मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. सीताबर्डीच्या आणि सदरच्या टॉकीजमध्ये मध्यंतराचा चहा पिताना ते हळूहळू हाती आले. आपला प्रेक्षक चित्रपट दोन तुकड्यांत पाहतो. आपले पटकथाकारही तो दोन तुकड्यांतच लिहितात, आणि ‘इंटरव्हल ब्लॉक’ हा शब्द निर्मात्यांच्या बैठकांमध्ये इतक्या गांभीर्याने उच्चारला जातो की ऐकणाऱ्याला वाटावे, सारा चित्रपट त्या एका प्रसंगासाठीच काढला आहे. पूर्वार्धात लेखकाचे काम तुलनेने सोपे असते. पात्रे नवी असतात, जागा नवी असते, कुतूहल ताजे असते, आणि गाठ मारणे हे ती सोडवण्यापेक्षा नेहमीच सोपे असते. पूर्वार्ध हा उधारीचा व्यवहार आहे आणि मध्यंतरानंतर वसुली सुरू होते. म्हणून मी प्रत्येक चित्रपटाला, मग तो कोणत्याही जातकुळीचा असो, एकच गोष्ट विचारतो. पहिल्या तासात तू स्वतःसाठी जे नियम घालून घेतलेस, ते दुसऱ्या तासात पाळलेस का, आणि पुढची गोष्ट त्या नियमांतूनच निघाली, की बाहेरून आणून चिकटवली?

या मापाने पाहिले तर ‘तुंबाड’ हा गेल्या दहा वर्षांतील सर्वांत कसलेल्या पटकथांपैकी एक ठरतो. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018 मध्ये प्रथम आला तेव्हा त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. लोक पंकज कुमार यांच्या छायालेखनाविषयी आणि पडद्यावर अखंड कोसळणाऱ्या पावसाविषयी बोलतात, आणि त्यात वावगे काही नाही. मला मात्र त्याची शिस्त अधिक महत्त्वाची वाटते. (ज्यांनी तो अजून पाहिला नसेल, त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे.) हस्तर या शापित देवाजवळ सोने आहे आणि तो अन्नाचा भुकेला आहे, पिठाच्या रिंगणाबाहेर त्याला येता येत नाही, पिठाची बाहुली खाण्यात तो गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा पळवता येतात, आणि त्याचा स्पर्श झालेल्या माणसाला मरणसुद्धा मिळत नाही. चित्रपट एवढेच नियम सांगतो. उत्तरार्धात नवे संकट कुठूनही येत नाही. मुलगा वडिलांना एवढेच सुचवतो की एका बाहुलीऐवजी अनेक बाहुल्या नेल्या तर मूठभर मोहरांऐवजी अख्खा लंगोटच हाती लागेल. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर उभे राहतात. नियम तोच आहे, वाढली आहे ती फक्त हाव, आणि भीती त्या गुणाकारातून जन्मते. हे लेखन गणितासारखे चोख आहे. भयपटाला मी गंभीर मानतो का, असे विचारणाऱ्यांना मी हेच दृश्य दाखवीन.

‘मुंज्या’ (2024) इतका चोख नाही, आणि तसा त्याचा आवही नाही. आदित्य सरपोतदार यांनी कोकणात पिंपळाखाली बसणारा, मुंज झाल्यावर लगेच मेलेला आणि लग्नाची इच्छा अपुरी राहिलेला पोरगा आपल्या लोककथेतून उचलला, आणि त्याचा स्वभाव न बदलता त्याला पडद्यावर आणले. मुंज्या हा मुळात हट्टी मूल आहे, तो भीतीपेक्षा वैतागच अधिक आणतो, हे ज्याने आजीच्या तोंडून या गोष्टी ऐकल्या आहेत त्याला ठाऊक असते. पूर्वार्धात चित्रपट हा स्वर नेमका पकडतो. सुहास जोशी यांची आजी जेवढा वेळ पडद्यावर असते, तेवढा वेळ ते घर खरे वाटते. उत्तरार्धात संगणकाने घडवलेल्या करामती वाढतात आणि गोष्ट थोडी पातळ होते, हे मी परीक्षणातही लिहिले होते. तरीही मुंज्याची मागणी पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत एकच राहते. त्याला लग्न करायचे आहे. त्या एका खुंटाला चित्रपट बांधलेला राहतो, म्हणून मी त्याच्या बाजूने लिहिले.

त्याच घराण्यातला ‘स्त्री 2’ (2024) कितीतरी अधिक चालला, आणि राजकुमार राव आणि मंडळींच्या विनोदाची वेळ इतकी अचूक आहे की चित्रपटगृहात मीही मोकळेपणाने हसलो. परंतु त्याच्या उत्तरार्धात पाहुणे कलाकार आणि ‘भेडिया’ या मागच्या चित्रपटातला लांडगा अवतरतात, तेव्हा चंदेरीच्या स्त्रियांना पळवणाऱ्या सरकट्याचा, म्हणजे मुंडके नसलेल्या भुताचा, प्रश्न बाजूला पडतो आणि आपण पुढच्या चित्रपटाची जाहिरात पाहू लागतो. पहिल्या ‘स्त्री’मध्ये रात्री घराबाहेर पडायला पुरुष घाबरतात, ही कल्पना विनोदीही होती आणि बोचरीही. दुसऱ्या भागात बोच कमी झाली आहे आणि गोंगाट वाढला आहे. मराठीत हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ (2025) या दोघांहून वेगळ्या वाटेने जातो, करणी खरी की मन आजारी हा संशय तो शेवटपर्यंत जिवंत ठेवतो, आणि अमृता सुभाष यांचा अभिनय त्याला तोलून धरतो. मोठ्या पडद्यावर तो आणखी काही आठवडे राहायला हवा होता.

मारधाडपटाविषयी माझ्या मनात आकस आहे, असा एक समज आहे. ‘किल’ (2024) हा त्यावरचा माझा खुलासा समजावा. पावणेदोन तासांच्या या चित्रपटाचे नाव पडद्यावर येते ते जवळजवळ मध्यावर, आणि तोपर्यंत आपण जे पाहत होतो ती केवळ प्रस्तावना होती, हे त्या क्षणी कळते. नायक कमांडो आहे. पूर्वार्धात तो स्वतःला आवरून लढतो, कारण त्याला माणसे वाचवायची असतात, आणि नाव झळकल्यानंतर तो वेगळाच माणूस होतो. दिग्दर्शक निखिल नागेश भट यांनी सारी हाणामारी रेल्वेच्या डब्यात कोंडली आहे. नागपूरकराला रेल्वेचा डबा समजावून सांगायला नको. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही मार्ग आपल्या शहरात एकमेकांना छेदतात, आणि मधल्या वाटेत समोरून ट्रंक घेऊन माणूस आला की कोण किती आक्रसतो, हे आपण लहानपणापासून अनुभवत आलो आहोत. त्या अरुंद जागेचे भान चित्रपटात एकदाही सुटत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणी नोंदवली नाही. या चित्रपटातले दरोडेखोर एकमेकांचे नातलग आहेत, काका, पुतणे, बाप, लेक, आणि त्यांचा माणूस मेला की ते त्याच्या प्रेताजवळ बसून रडतात. रक्तपात पाहून एरवी टाळ्या वाजवणारा प्रेक्षक तिथे क्षणभर गप्प होतो. हिंसा दाखवावी की नाही हा वाद मी घालत नाही, तिची किंमत कोणी तरी मोजताना दिसले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच ओघात एक तक्रार नोंदवतो. अलीकडे मोठे चित्रपट दोन भागांत काढण्याची प्रथा पडली आहे. ‘पुष्पा’चा पहिला भाग डिसेंबर 2021 मध्ये आला आणि दुसरा डिसेंबर 2024 मध्ये, म्हणजे तीन वर्षांचे मध्यंतर झाले. ‘कल्की 2898 एडी’ आणि ‘धुरंधर’ हेही आपली गोष्ट पुढच्या भागावर सोपवून संपले. ‘धुरंधर’मध्ये अक्षय खन्नाने उभा केलेला टोळीप्रमुख मला दीर्घकाळ लक्षात राहील. पण साडेतीन तास बसवूनही वसुली पुढच्या वर्षावर ढकलायची, हा व्यवहार प्रेक्षकाच्या बाजूने तोट्याचाच आहे, आणि परीक्षकाचीही यात अडचण होते, कारण अर्ध्या चित्रपटाचे परीक्षण लिहिणे म्हणजे वरमाला पडण्यापूर्वीच लग्न कसे झाले ते सांगणे होय.

आता ‘छावा’. लक्ष्मण उतेकर यांचा हा चित्रपट शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो लागला तेव्हा नागपुरात सकाळच्या खेळांनाही गर्दी होती. मीही त्या गर्दीतच बसलो होतो, आणि शेवटच्या अर्ध्या तासात माझ्या आजूबाजूची माणसे ज्या रीतीने स्तब्ध झाली, ती मी विसरलेलो नाही. विकी कौशलने शरीर आणि आवाज दोन्ही पणाला लावले आहेत, आणि साखळदंडातले संभाजी महाराज आणि कवी कलश एकमेकांना ओळी ऐकवतात तो प्रसंग उत्तम वठला आहे. विनीत कुमार सिंग यांचा कलश मला तर नायकाइतकाच महत्त्वाचा वाटला. माझा आक्षेप या साऱ्याच्या आधीच्या भागाविषयी आहे. ज्या राजाने ‘बुधभूषण’सारखा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्याचे वाचन, त्याचे बोलणे, राज्यकारभारातील त्याची कोंडी यांना पूर्वार्धात जागाच मिळत नाही, एक लढाई संपते आणि दुसरी सुरू होते, आणि प्रत्येक लढाईत गर्जना तेवढी वाढत जाते. परिणामी उत्तरार्धात आपल्याला जे दुःख होते, ते चित्रपटाने उभ्या केलेल्या माणसासाठी होत नाही, आपण शाळेपासून मनात बाळगलेल्या राजासाठी होते. ही उधारी चित्रपटाची नव्हतीच, ती इतिहासाची होती आणि वसूल मात्र चित्रपटाने केली. हे लिहिल्याबद्दल मला बरेच ऐकून घ्यावे लागले. त्यात काही जणांनी असा अर्थ काढला की मला महाराजांविषयी आदर नाही. आदर आहे म्हणूनच त्यांच्या वाट्याला याहून भरीव पटकथा यायला हवी होती, असे मला वाटते.

‘डंकी’च्या बाबतीत लोकांना अधिक आश्चर्य वाटले, कारण राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. त्यांच्या यशाचा अभिमान मलाही आहे, पण गावचा माणूस म्हणून सवलत देणे त्यांनाच कमीपणा आणणारे ठरले असते. डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या या चित्रपटाचा पूर्वार्ध त्यांच्या जुन्या हातोटीचा आहे. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या पंजाबी मंडळींचा वर्ग, त्यातली फजिती, आणि त्या हसण्यातच दबा धरून बसलेली, विकी कौशलच्या पात्राची शोकांतिका हे सारे त्यांना इतरांपेक्षा चांगले जमते. मध्यंतरानंतर माणसे चोरवाटेने देश ओलांडू लागतात आणि चित्रपटाला आपला स्वर सापडेनासा होतो. हसवायचे की घाबरवायचे याचा निर्णय न झाल्यामुळे मृत्यूही घाईने येतात आणि जातात, आणि न्यायालयातले भाषण दिग्दर्शकाने आधीच्या चित्रपटांत वापरलेल्या युक्तीची आठवण करून देते. प्रवास हाच चित्रपटाचा विषय होता, आणि नेमका तोच सर्वांत धावता झाला.

‘ट्वेल्थ फेल’ (2023) मात्र उत्तरार्धात जराही सैल पडत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लोकसेवा आयोगाची परीक्षा एकच आहे, नापास होणे वारंवार आहे, तरी प्रत्येक वेळी नापास होण्याचे कारण निराळे असते, आणि म्हणून तोच तो प्रसंग पुन्हा पाहत असल्याची भावना होत नाही. पिठाच्या गिरणीत काम करून त्याच अंधाऱ्या खोलीत अभ्यास करणारा मनोज पाहताना माझ्या शेजारी बसलेली मुले एकमेकांकडे पाहत नव्हती. नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडून येऊन तिथे बसणाऱ्या मुलांना तो चित्रपट म्हणजे कोणाची यशोगाथा वाटली नसावी, रोजनिशी वाटली असावी. ‘लापता लेडीज’ (2024) हाही मला आवडला, फलाटावर चहाचे दुकान चालवणारी छाया कदम यांची मंजू माई तर फारच. परंतु शेवटी सगळ्यांचे सगळे इतके नीट जुळते की गोष्टीने प्रश्न विचारल्याचा विसर पडावा.

सलग पाहण्यासाठीच घडवलेल्या चित्रपटांचे काय करायचे, हा या मापापुढचा खरा पेच आहे. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मे 2024 मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले आणि नोव्हेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. मी तो आपल्या शहरातील एका मल्टिप्लेक्समध्ये दुपारच्या खेळाला पाहिला. आम्ही जेमतेम पंधरा जण असू, आणि एका शांत दृश्याच्या ऐन मध्यावर, वाक्य तोडावे तसा चित्रपट तोडून मध्यंतर केले गेले, कारण खाद्यपदार्थांचा काउंटर चालायला हवा. गंमत अशी की त्या चित्रपटाचेही दोन अर्ध आहेतच, फक्त ते त्या ठिकाणी पडत नाहीत. मुंबईतल्या भागात रात्र आहे, पाऊस आहे, निळा प्रकाश आहे, आणि कागदपत्रे नसल्यामुळे राहत्या खोलीवरचा हक्क सिद्ध करू न शकणारी पार्वती आहे. ती आपल्या कोकणातल्या गावी परतते, तिच्याबरोबर प्रभा आणि अनू या दोन परिचारिका येतात, आणि चित्रपटाचा उजेडच बदलतो. मुंबईत जे बोलता येत नव्हते, ते समुद्राकाठी बोलता येते. नवरा परदेशी गेलेल्या प्रभाच्या घरी मध्येच एक भात शिजवायचे यंत्र येऊन पडते, आणि त्याला मिठी मारून ती बसते, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला तिच्या विवाहाविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे वडिलांच्या मृत्यूनंतरचे दहा दिवस हाच चित्रपटाचा सांगाडा आहे. मुंबईहून गावी आलेला आनंद, त्याचा बालमित्र बाळ्या, आणि काय खायचे, काय घालायचे, कुठे झोपायचे हे ठरवणारे सुतकाचे नियम. नियम पाळत पाळतच ते दोघे आपली जागा शोधतात. दहाव्या दिवसाला मध्यंतराची गरज नसते.

आणि ‘स्थळ’. हा चित्रपट विदर्भाबाहेरच्या वाचकाला समजावून सांगताना मी नेहमी अडखळतो. जयंत दिगंबर सोमलकर यांच्या या चित्रपटाला टोरंटो महोत्सवात 2023 मध्ये आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च 2025 मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. डोंगरगावची सविता, समाजशास्त्र शिकणारी, स्पर्धा परीक्षेची स्वप्ने पाहणारी, आणि तिला पाहायला एकामागून एक येणारी पुरुषांची मंडळी. प्रसंग तोच, बसण्याची रचना तीच, नाव काय, शिक्षण किती, उंची किती हे प्रश्न तेच. रूढ पटकथाशास्त्राप्रमाणे एवढी पुनरावृत्ती म्हणजे दोष आहे. इथे तीच चित्रपटाचे शस्त्र आहे, कारण पहिल्या वेळी आपण हसतो, दुसऱ्या वेळी सवयीने पाहतो, आणि त्यानंतर केव्हा तरी खुर्चीत अवघडून बसतो. पडद्यावरच्या त्या पुरुषांच्या रांगेत आपला काका, आपला मोठा भाऊ, आणि प्रामाणिक असू तर आपणही बसलेलो असतो. कापसाला भाव मिळावा म्हणून थांबलेला बाप आणि मुलीला स्थळ मिळावे म्हणून थांबलेली आई, या दोन प्रतीक्षा दिग्दर्शकाने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि त्यांवर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही. नट बहुतेक नवखे, तिथलेच आहेत. त्यांच्या तोंडी असलेली बोली ही विनोदासाठी वापरलेली वऱ्हाडी नव्हे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. मराठी चित्रपटाने आणि दूरचित्रवाणीने ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ हे शब्द वर्षानुवर्षे केवळ हशा पिकवण्यासाठी राखून ठेवले. त्या बोलीत माणूस रडतो, भाव ठरवतो, मुलीला नकार आल्याचे सांगतो, हे मोठ्या पडद्यावर ऐकायला आम्हाला इतका काळ लागला. वडसा आणि आसपासच्या झाडीपट्टीच्या मंडपांतून मात्र हजारो लोक रात्र रात्र जागून आपल्या बोलीतली नाटके कधीपासून पाहत आले आहेत. तेव्हा प्रेक्षक नव्हता, ही सबब चालणार नाही.

या बाबतीत आपल्या भागाची एक जुनी अडचणही आहे. वितरणाच्या व्यवहारात आपला प्रदेश आजही ‘सी. पी. बेरार’, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणून ओळखला जातो. तो प्रांत 1950 मध्ये इतिहासजमा झाला, पण व्यापाराच्या नकाशात तो अजून शाबूत आहे, आणि त्या नकाशावर नागपूर हे हिंदी चित्रपटांचे गाव आहे. मराठी चित्रपटाला इथे पहिल्या आठवड्यात दुपारचा एखादा खेळ मिळतो, माणसे कामावर असताना तो रिकामा जातो, आणि मग प्रतिसाद नाही म्हणून तो उतरवला जातो. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (2023) मी अशाच रिकाम्या खेळाला पाहिला. खुनाचा कट आखणाऱ्यांचे बारीकसारीक अंदाज एकामागून एक चुकत जातात, आणि प्रत्येक चूक पात्राच्या स्वभावातून येते. सुमारे पावणेदोन तासांत एवढा घट्ट रहस्यपट मराठीत क्वचितच झाला आहे. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा अनेकांनी मला तो कुठे पाहता येईल असे विचारले.

रिकाम्या खुर्च्यांच्या या नियमाला केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने (2023) तडा दिला, आणि तिथे माझे मापही तोकडे पडले. मी पहिल्याच दिवशी तो पाहिला आणि उत्तरार्ध मालिकेसारखा पसरट आहे, असे लिहिले. ते मत तांत्रिकदृष्ट्या आजही मागे घेत नाही. पण दोन आठवड्यांनी घरातल्या मंडळींबरोबर पुन्हा गेलो, तेव्हा सभागृहात नऊवारी नेसून, नथी घालून गटागटाने आलेल्या स्त्रिया होत्या, आणि मंगळागौरीच्या खेळांना त्या बसल्या जागी ठेका धरत होत्या. सहा बहिणींची भांडणे त्यांना कथानक म्हणून पुढे सरकायला नकोच होती, त्यांना ती ओळखायची होती. पटकथा मोजणारा माणूस असा आनंद मोजू शकत नाही. त्या परीक्षणाला मी नंतर एक पुरवणी जोडली, ती कोणी वाचली नाही.

राहिला ‘झुंड’. नागराज मंजुळे यांचा हा पहिला हिंदी चित्रपट मार्च 2022 मध्ये आला. झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवणारे आपल्या नागपूरचे विजय बारसे यांच्या कामावरून तो सुचलेला, आणि त्यातली कित्येक मुले इथल्याच वस्त्यांमधली. पूर्वार्ध क्रीडापटाच्या सर्व अपेक्षा पुरवतो. पैसे देऊन खेळायला बसवलेली पोरे, त्यांचा संघ, भिंतीपलीकडच्या महाविद्यालयाशी सामना, आणि विजय. तो सामना संपला, मध्यंतर झाले, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतला एक मुलगा मित्राला म्हणाला, “आता काय राह्यलं बे?” पुष्कळ परीक्षकांनीही वेगळ्या शब्दांत हेच लिहिले. क्रीडापट जिथे संपतो तिथे हा चित्रपट अर्धाच झालेला असतो, आणि मंजुळे यांनी ते जाणून केले आहे. सामना जिंकणे या मुलांसाठी तुलनेने सोपे होते. परदेशी स्पर्धेला जायचे तर पारपत्र हवे, त्यासाठी पोलिसांचा दाखला हवा, आणि संघातल्या अंकुशच्या नावावर गुन्हा आहे. आदिवासी मुलगी मोनिका आणि तिचे वडील या देशात आपण आहोत हे कागदावर सिद्ध करण्यासाठी एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतात. रिंकू राजगुरूच्या वाट्याला आलेला हा भाग मुख्य कथेपासून दूर गेल्यासारखा वाटतो, आणि तो तसा वाटावा हेच बरोबर आहे, कारण कार्यालयांच्या फेऱ्या माणसाला त्याच्या गोष्टीपासून दूरच नेतात. पूर्वार्धात भिंत विटांची होती, चेंडू तिच्यावरून टोलवता येत होता. उत्तरार्धात ती कागदाची होते. विमान त्या भिंतीवरून उडते आणि भिंत ओलांडण्यास मनाई असल्याची पाटी पडद्यावर दिसते, तेव्हा पहिल्या अर्ध्या भागातली जागा आणि दुसऱ्या अर्ध्या भागातला प्रश्न एकाच चौकटीत येतात. माझ्या मापाने याहून चोख वसुली कोणती असेल?

मुलांच्या बोलण्यातली हिंदी-मराठीची सरमिसळ आणि वस्तीतली भीमजयंती या गोष्टी बाहेरून येऊन कोणाला इतक्या सहजतेने टिपता आल्या असत्या, असे मला वाटत नाही. तरीही मी तो चित्रपट निर्दोष मानत नाही. अमिताभ बच्चन यांचे न्यायालयातले निवेदन अर्ध्याने कमी केले असते तरी चालले असते, कारण ते जे सांगतात ते अंकुशचा चेहरा आधीच सांगून गेलेला असतो. आणि तीन तासांच्या जवळ जाणाऱ्या त्या लांबीतून दहा-बारा मिनिटे काढायची झाली, तर ती मी उत्तरार्धातून काढणार नाही. सामन्याच्या आधी संघ जमवण्याची जी तीन-चार दृश्ये आहेत, त्यांतली दोन काढीन.